‘महिला गटातही’

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सोनालीस,

‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होतो, पण तू ते घेशील की नाही याची खात्री नाही. म्हणून सध्या माझ्याकडेच ठेवतो.

माझा फोन तू उचलत नाहीस. राखी मात्र दरवर्षी नांदेडहून पोस्टानं येते. पाकिटावर तुझं अक्षर, आत राखी, चिठ्ठी नाही. गेल्या वर्षी मी पाकीट उलटं करून झटकूनसुद्धा बघितलं. तेव्हा आपल्यात पोस्ट तेवढं चालू आहे असं धरून हे लिहितोय.

निमित्त एका पोरीचं आहे. दानेश्वरी तिचं नाव, अक्कलकोटकडची. आमच्या ‘दैनिक सीनाकाठ’मध्ये शिकाऊ म्हणून आलीय आणि संपादकांनी ती माझ्या क्रीडा पानावर टाकलीय. परवा मी पान लावत असताना तिनं विचारलं, “सर, कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये मुलींची बातमी नेहमी खालीच का असते?”

“तिथंच असते.”

“हो, पण का?”

“लोकांना पुरुषांचं वाचायचं असतं.”

“कुणी विचारलं लोकांना?”

सोने, मी चिडलो. ‘आधी शुद्धलेखन सुधार’ म्हणून तिला वाटेला लावलं. पण घरी जेवताना भाकरी हातात तशीच राहिली. खरंच, कुणी विचारलं होतं? चौदा वर्षं मी हे पान लावतोय आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतली पट्टी घेऊन आली आणि जानेवारीचे सगळे अंक मोजत बसली. कॉलेजच्या बास्केटबॉलला पुरुषांना तीनशे अठरा सेंटिमीटर, महिलांना सव्वीस. त्या सव्वीसमधले चौदा सेंटिमीटर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं. मी हसलो, ती हसली नाही.

मग मी तिला आमचा कायदा समजावला. कॉलेजची प्रेसनोट येते, त्यात वर पुरुष गट, शेवटच्या परिच्छेदात महिला गट. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा या धंद्यातला पहिला धडा. यात कुणाचं वैर नाही. कात्री खालून चालते आणि खाली मुली असतात, एवढंच.

बोलता बोलता तुझी गोष्टही निघाली. मी तिला सांगितलं की माझी धाकटी बहीण सोनाली माझ्याकडे राहून सोलापुरात शिकली, कॉलेजची कर्णधार होती, २०११ साली विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन फायनल तिनं जिंकून दिली. आणि माझ्या पानावर तिचं नाव आलं नाही. आई तिकडे मंगळवेढ्यात एसटी स्टँडवरून दहा अंक घेऊन बसली होती. तात्यांनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी, शब्द दिला होता, “पेपरात नाव येऊ द्या, मग जाऊ द्या पोरीला फुडच्या स्पर्धेला.” नाव आलं नाही, आणि तुझं पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणं राहिलं.

“मग सर, तुम्ही पानावर असताना?” तिनं विचारलं.

मी तिला तेच सांगितलं जे तेव्हा तुला सांगितलं होतं. जागा नव्हती. ऐन वेळी जाहिरात आली.

आणखी एक बातमी. गुढीपाडव्यापासून आमचं क्रीडा पान बंद होतंय. पुण्याहून तयार पान येणार, सगळ्या जिल्ह्यांना एकच. मला पुरवण्यांकडे टाकणार म्हणे. आईचा गुडघा दुखतो, बाकी ठीक.

तुझा
बिरूदादा

सोलापूर, १९ फेब्रुवारी २०२५

सोनाली,

तुझं पाकीट मिळालं. आत माझंच पत्र निघालं. ‘जागा नव्हती’ या दोन शब्दांखाली लाल शाईची रेघ आणि पुढं प्रश्नचिन्ह. बाकी अक्षर नाही. शाळेत पोरांच्या वह्या अशाच तपासतेस का गं?

त्या प्रश्नचिन्हानं मला खाली तळघरात धाडलं. जुन्या अंकांच्या फायली तिथं आहेत. दानेश्वरी सोबत आली, तिला बोलावलं नव्हतं तरी. १२ ऑक्टोबर २०११ चा अंक काढला. धुळीनं दोघं शिंकून शिंकून बेजार झालो.

आता पानावर काय आहे ते जसंच्या तसं सांगतो. वर चार कॉलमात पुरुषांची बातमी, फोटोसह. तुमच्याच कॉलेजचा मुलांचा संघ उपांत्य फेरीत हरला, त्याची. हरला, जिंकला नाही. ‘निसटता पराभव’ असा मथळा मीच दिलेला. कोण किती झुंजला, कुणाचा घोटा दुखावला, सगळं आहे. त्याखाली शेवटची ओळ:

‘महिला गटातही याच महाविद्यालयाने बाजी मारली.’

पुरुष हरले होते, तरी ‘गटातही’. संपलं. आणि त्याखाली जाहिरात असायला हवी होती. जाहिरात नाही, सोनाली. तिथं एक भरताड आहे. पानात भोक राहिलं की बुजवायला आम्ही इकडचं तिकडचं काहीतरी टाकतो, त्याला आम्ही भरताड म्हणतो. परदेशातल्या कुणा टेनिसपटूच्या कुत्र्याबद्दल आहे ते. कुत्र्याचं वजन, त्याचं आवडतं खाणं, त्याचं नाव. दानेश्वरीनं पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर.

“सर, कुत्र्याचं नाव आहे,” ती म्हणाली. पुढचं ती बोलली नाही, तेवढी समज आहे पोरीला. मला मात्र फाईल मिटताही येईना.

म्हणजे जागा होती. मग मी ‘जाहिरात आली’ असं का सांगितलं? आणि चौदा वर्षं मला स्वतःला ते खरं कसं वाटत राहिलं? तुझा राग आपल्या ठिकाणी आहे, पण मला आता खरोखर कुतूहल वाटतंय. दुसऱ्या कुणाचं हे प्रकरण असतं तर मी बातमीदार लावला असता.

रविवारी मंगळवेढ्याला गेलो होतो. आईला म्हटलं, तू घेतलेल्या त्या दहा अंकांचं काय झालं? नऊ गेले रद्दीत. एक तिच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली. मी म्हटलं, “आई, त्यात सोनीचं नाव न्हाय, तुला म्हाईत हाय. कशाला ठेवलाय?”

तर म्हणाली, “एका वळीत का हुईना, हाय की ती त्यात. मला कुटं वाचाया येतंय? मी नुसता हात फिरवती.”

मी लगेच एसटी धरली. काम आहे म्हणालो, काम काही नव्हतं. जागा होती तर मग काय झालं होतं, ते शोधतोय.

बिरूदादा

सोलापूर, २४ फेब्रुवारी २०२५

सोनाली,

काल आयुष्यात पहिल्यांदा मुलींची मॅच बघितली. वाच नीट. चौदा वर्षं क्रीडा पान, आणि पहिल्यांदा. आपल्या घराण्यात सगळे शेळ्यांमागं पायी हिंडले. उंटावरून शेळ्या हाकणारा मी एकटाच निघालो.

इथल्या एका कॉलेजनं चषक ठेवला होता. मुलांची फायनल संध्याकाळी सातला, दिव्यांच्या उजेडात, बाहेर भजीची गाडी. मुलींची सकाळी साडेसातला. आता पेपरवाल्याला सकाळचे साडेसात म्हणजे काय हे तुला माहीत आहे. तू जायचीस तेव्हा मी घोरत असायचो. आमचा फोटोग्राफर गुरुशांत चारला कामावर येतो. त्याला म्हटलं सातला ये, तर म्हणाला, “बिरूअण्णा, मला दूधवाला समजलास काय?” आला मात्र. वाटेत माझ्या नावावर दोन कप चहा पिऊन आला.

मैदानावर चाळीसेक माणसं. मी आयोजकांना विचारलं, मुलींची मॅच इतक्या सकाळी का? म्हणाले, “पोरींना दहाची येस्टी गाठायची असती. संध्याकाळी ठेवली तर आईबाप खेळायाच धाडत न्हाईत.” म्हणजे बघ गंमत. एसटी लवकर म्हणून मॅच लवकर, मॅच लवकर म्हणून फोटोग्राफर झोपलेला, फोटो नाही म्हणून बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणून आम्ही म्हणायचं की लोकांना वाचायचं नसतं. हे चक्र मी इतकी वर्षं फिरवतोय आणि मला वाटायचं की ही वाचकांची आवड आहे.

खेळाबद्दल मी तुला काय सांगणार? पण बूट फरशीवर कसे कर्रर्र वाजतात ते मला ठाऊक नव्हतं. पोरी एकमेकींना ओरडून कुठं उभं राहायचं ते सांगतात हेही नव्हतं. त्यात उजनीकाठच्या एका गावची एक पोरगी आहे, महेश्वरी. बापाची केळीची बाग आहे. ती चेंडू घेऊन अशी आत शिरायची की समोरचीला वळायलाच वेळ मिळेना. तिनं एकटीनं चोवीस गुण केले. मी गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाला खेटून उभा होतो. एकेक गुण डोळ्यांनी बघितला. शेवटी आकडा ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खरंच की!”

दानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. “खोटं कशाला असेल, सर?”

मी वहीत चोवीस लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

आजच्या अंकात मुलींची फायनल वर आहे, गुरुशांतच्या फोटोसह, जिंकलेल्या बाराही पोरींची नावं. मुलांची त्याखाली, तीही पूर्ण. संपादकांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, पाडव्यापर्यंतच आहे पान, चालू द्या. आकाश काही कोसळलं नाही. फक्त सकाळी उजनीकडच्या एजंटाचा फोन आला, “आजचे पंधरा अंक जादा धाडा की. एकच म्हातारी समदे घिऊन गेली.”

मी फोन ठेवला आणि मला आईचे ते दहा अंक आठवले.

दादा

सोलापूर, ९ मार्च २०२५

सोनाली,

तुझं कार्ड आलं. ‘मॅच समजली. मग?’

दोन वाक्यं, त्यातलं एक एका शब्दाचं. तू उपसंपादक झाली असतीस तर आमच्या पोटावर पाय आला असता. तुला बरोबर कळलं की मॅचच्या वर्णनामागं मी लपलो होतो. आता लपत नाही.

त्या ‘खरंच की’नं सगळं वर आलं. ११ ऑक्टोबर २०११. पान लावायला बसलो होतो. तुमच्या क्रीडा संचालकांची, हिंदुराव सरांची, हातानं लिहिलेली प्रेसनोट टेबलावर. वर पुरुष गट. तेव्हाच आईचा फोन आला. तात्यांनी दिलेला शब्द ती मला सांगत होती आणि मी ‘हं, हं’ करत मथळा जुळवत होतो. म्हणजे मला माहीत होतं. ‘मला कुठं माहीत होतं’ असं मी तुला नंतर म्हणालो होतो, ते खोटं.

फोन ठेवला आणि शेवटचा परिच्छेद वाचला. मी तो वाचला होता, सोनाली. न वाचता खालून कापला असं मला स्वतःला वाटायला लागलं होतं, पण तसं झालं नव्हतं. त्यात होतं: ‘कर्णधार सोनाली मेटकरी हिने एकटीने २७ गुण नोंदवून विजयात सिंहाचा वाटा उचलला.’

आणि मला ते खरं वाटलं नाही.

एवढंच आहे. बाकी सगळी कारणं मी मागून शिवली. ‘घरचं पान केलंस’ असं वरिष्ठ म्हणतील, ही भीती होती, नाही असं नाही, पण ती थोडी. मोठी गोष्ट ही की ५२ पैकी २७ एकटीनं, तेही मुलीनं, तेही आपल्या सोनीनं? सरांचा आकडा चुकला असेल असं वाटलं. सरांना फोन लावला, लागला नाही. आमच्याकडं म्हण आहे, शंका आली की काढून टाक. मी आख्खा परिच्छेद काढला आणि वर एक ओळ लिहिली. भोक राहिलं, त्यात कुत्रा भरला.

तू माझ्याच खोल्यांवर राहायचीस. त्या वेळी घरी भाकऱ्या थापत असशील. साधा मोबाईल होता तुझ्याकडं, नंबर मला पाठ होता. ‘सोने, किती गुण केलेस गं आज?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. कुत्र्याचं वजन मात्र मी दोन ठिकाणी तपासून घेतलं होतं.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला चार पत्रं लागली.

आता कुतूहलाचा भाग. आकडा खरा होता का, हे मला कळायलाच हवं होतं. हिंदुराव सर निवृत्त होऊन होटगीला राहतात, रुळांच्या पलीकडं. काल दानेश्वरीला घेऊन गेलो. सरांनी ओळखलं. त्यांच्याकडं पत्र्याची ट्रंक आहे, त्यात पंचवीस वर्षांच्या मॅचचे गुणतक्ते. मी विचारलं, “सर, प्रेसनोटमध्ये मुली नेहमी खाली का असायच्या?”

“वरनं पत्रच तसं यायचं की. पुरुष गट, मग महिला गट. आमी तसंच उतरायचो. आमाला काय म्हाईत तुमी खालनं कापता?” मग हळूच म्हणाले, “म्हाईत असतं तर दोन कागद केलं असतं रं.”

तुझा तक्ता निघाला. तू नऊ नंबर. सरांनी मला वाचायला शिकवलं: साध्या बास्केटला तिरकी रेघ, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या आकड्याभोवती गोल, फ्री थ्रोला ठिपका. सर चष्मा लावून बोट फिरवायला लागले. नऊ तिरक्या रेघा, अठरा. दोन गोल, सहा. आणि ठिपके पाच.

मी म्हटलं, “सर, हे एकोणतीस झाले.”

त्यांनी परत मोजलं. दानेश्वरीनं मोजलं. मी तीनदा मोजलं. सर कपाळावर हात मारून म्हणाले, “शेवटचं दोन ठिपकं ऱ्हायलं की! येस्टीत बसून बेरीज क्येली हुती मी. पाक घाईत.”

म्हणजे माझी शंका बरोबर होती गं. आकडा चुकलाच होता. फक्त मला वाटलं तो जास्त आहे, आणि होता तो कमी. मी तिथंच सरांच्या ओसरीवर हसत सुटलो आणि मग हसू आवरेना की रडू, ते काही कळलं नाही. सरांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. दानेश्वरी रुळांकडं बघत बसली.

तू तेव्हा भांडली नाहीस. तूही कधी आकडा सांगितला नाहीस. ‘दादा, तू पानावर होतास ना?’ एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस. दोन महिन्यांनी तुमच्या मैत्रिणी पश्चिम विभागाला गेल्या, तू त्यांना स्टेशनवर सोडायला गेलीस आणि येताना माझ्यासाठी सिगारेटचं पाकीट आणलंस, मी सांगितलं होतं म्हणून. ते पाकीट मला आत्ता का आठवावं?

दादा

सोलापूर, २० मार्च २०२५

सोनाली,

अकरा दिवस झाले, तुझं काही आलं नाही. लाल रेघही नाही. आई फोनवर म्हणाली, “सोनी इचारत हुती, तुजी तब्येत बरी हाय का म्हून.” मी म्हटलं, बरी आहे म्हणून सांग. तू मला माफ करावंस असं मी कुठंही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. ते तुझ्याकडचं आहे.

माझ्याकडचं एक काम मात्र राहिलंय. आमच्याकडं चूक झाली की ‘दुरुस्ती’ छापतात. अगदी बारीक टायपात, पानाच्या तळाशी, वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली. सहसा आदल्या दिवसाच्या चुकीची. चौदा वर्षांपूर्वीच्या चुकीची अजून कुणी छापलेली नाही. संपादकांना विचारलं. ते म्हणाले, “बिरुदेव, लोक हसतील.” मी म्हटलं, हसू देत, वाचतील तरी. शेवटी म्हणाले, तुझं शेवटचं पान आहे, तूच लाव.

शेवटचं पान शुक्रवारी, २८ तारखेला लागेल. शनिवारी अंक हातात. त्यानंतर पाडवा आणि पुण्याचं पान, मग सोलापूरच्या कुठल्या मैदानावर कोण सकाळी साडेसातला खेळलं हे पुण्याला कोण सांगणार? दानेश्वरी म्हणते, मी सांगीन, रोज दोन कागद पाठवीन, एक मुलांचा, एक मुलींचा. पाठवेलही. तिला नाही म्हणायची माझी हिंमत राहिलेली नाही.

मजकूर मी असा केलाय:

‘दुरुस्ती. दि. १२ ऑक्टोबर २०११ च्या अंकात विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतील महिला गटाच्या अंतिम सामन्याचे वृत्त एका ओळीत देण्यात आले होते. हा सामना ५२-४७ असा जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, मंगळवेढ्याची सोनाली धुळा मेटकरी, हिने त्यात एकटीने २९ गुण केले होते. तिचे नाव अनवधानाने राहून गेले.’

‘अनवधानाने’ हा आमचा ठेवणीतला शब्द. प्रत्येक दुरुस्तीत असतो, बोटं आपोआप लिहितात. दानेश्वरीनं वाचलं आणि नुसती त्या शब्दावर पट्टी ठेवली. मी तो काढला. आता शेवटचं वाक्य असं आहे: ‘तिचे नाव प्रेसनोटमध्ये होते. पान लावणारे उपसंपादक बिरुदेव मेटकरी यांनी ते काढून टाकले.’

हे तळाशी जाणार नाही. पानाच्या माथ्यावर जाईल, खालून कितीही कापलं तरी हात लागणार नाही तिथं. अंक निघाला की पहिला मंगळवेढ्याला नेईन. आईचं बोट धरून नावावर ठेवीन, म्हणजे इथून पुढं तिला सगळ्या पानावर हात फिरवावा लागणार नाही.

पण एक गोष्ट तेव्हा राहिली होती, ती आता करतोय. छापायच्या आधी विचारतोय. फोन कर, कार्ड टाक, याच पत्रावर लाल शाईनं लिहून परत पाठव, कसंही. सोने, किती गुण केलेस गं त्या दिवशी? एकोणतीस बरोबर आहेत ना?

जागा ठेवलीय.

तुझा
दादा